चौकशी

श्रावणात नऊ शेळ्या गेल्या.
पिकअप बंद करून उतारानं ढकलत आणली असणार,
टायरच्या खुणा सकाळी दिसल्या.
आमचा मोती तेव्हा शेडच्या दाराशीच होता.
पावाची रिकामी पिशवी तिथंच पडलेली,
आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्या दिवशी वही केली.
पृथ्वीच्या गणिताच्या वहीची मागची पानं.
वर लिहिलं अलाबाय, खाली रेघ मारली.
वजन सत्तर किलो, माझ्याहून बारा जास्त.
खाणं : इथं कुणाचं कुणाशी जुळत नाही.
एक म्हणतो रोज किलोभर मटण,
दुसरा म्हणतो ताक-भाकरीवरही राहतं.
आयुष्य दहा-अकरा वर्षं,
पृथ्वी तोवर चोवीसचा.
ऊन : जात वाळवंटातली, पण ते वाळवंट रात्री गार पडतं.
आपल्याकडे मे महिन्यात
मध्यरात्रीसुद्धा पत्र्याला हात लावता येत नाही.

दीर म्हणाले, वैनी, कुत्रं आणायलाव का जावई?
मी म्हटलं, जावयाची चौकशी तुम्हीच केली होती,
दोन एकर सांगितलं, निघालं वीस गुंठे.
ते उठून गेले.

औशाच्या दवाखान्यात इटकर डॉक्टरांचा हात
कोपरापर्यंत म्हशीत होता.
तसेच बोलले :
आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा,
नाही म्हणाला तर चहा न घेता उठा.
मग विचारलं, रात्री शेतात राहता की गावात?
गावात, म्हटलं.
ते हात धूत राहिले.
मी वहीत लिहिलं : काही बोलले नाहीत.

पडकात म्हाळू देवकत्यांची मेंढरं बसली होती,
कडेला तीन कुत्री, बरगड्या मोजता येतील अशी.
सत्तर किलो ऐकून म्हाळूमामा खोकेपर्यंत हसले.
"कुत्रं राखीत नसतंय बाई.
कुत्रं निस्तं उठवतंय.
राखायचं आपुनच."
ह्यांची किंमत किती, मी विचारलं.
त्यांना प्रश्नच कळला नाही.

उदगीरला अफसर पटेलांकडं पिल्लं सात.
पस्तीस हजाराला एक, लस धरून.
सहांचे कान कापलेले.
लांडग्याला धरता येऊ नयेत म्हणून, ते म्हणाले.
इथं लांडगा कुठाय?
गिऱ्हाइकाला असंच लागतं, ताई.
आणि एक्स-रे?
इथं माणसाचा वेळेवर निघत नाही.

आई कूलरसमोर ओल्या पोत्यावर पडली होती.
मलिका, त्यांनी हाक मारली.
ती उठली, भरलेला ट्रक जागचा हलावा तशी,
आणि आली.
माझ्या हाताचा वास घेतला. मग पदराचा, मग चपलांचा.
घाई नव्हती तिला.
वही माझ्याकडे होती, पण विचारत ती होती :
झोपतेस कुठं?
नऊ गेल्या तेव्हा कुठं होतीस?
लाळेचा एक धागा माझ्या मनगटावर राहिला.
ती परत फिरली, पोत्यावर जाऊन बसली,
माझ्याकडे पाठ करून.

चहा घेतला मी. डॉक्टरांचं ऐकलं नाही.
पटेल म्हणाले, कान असलेलं ते एक ठेवू का?
आठ दिवस द्या, म्हटलं.

बाज शेडमध्ये आणलीय.
पहिल्या रात्री झोपले, सरळ सांगते.
दुसऱ्या रात्री डासांनी जागवलं, ते जागणं नव्हे.
आज तिसरी.
सव्वादोनला बाजेखाली मोती उठून बसला,
माझेही डोळे उघडे होते.
रस्त्यावरून मोटरसायकल गेली. लातूरकडं.
आवाज संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच.
मग बॅटरी घेऊन शेळ्या मोजल्या,
एकतीस.
एक पिलू करडीच्या पोटाखाली होतं,
पुन्हा मोजल्या.